बांधाची खांड

आमच्या घरात या आजाराला चार नावं होती आणि त्यातलं एकही कुणी मोठ्यानं घेत नसे. आजी 'खय' म्हणायची, तेही पदर तोंडाशी नेऊन. वडील 'छातीचं दुखणं' म्हणत. भिवंडीचे डॉक्टर आपसात 'कॉक्स' म्हणत. १८८२ साली ज्यानं हा जंतू शोधला त्या रॉबर्ट कॉकचं नाव, पेशंटला काही कळू नये म्हणून. पण खारबावच्या बायकांचे कान तिखट. त्यांनी त्याचा सरळ 'काकस' करून टाकला. "अमक्याच्या पोरीला काकस झालाय, सोयरीक बघून करा." डॉक्टरांनी झाकायला काढलेलं नाव असं विहिरीवर उघडं पडलं. चौथं नाव अलीकडचं. पुतण्याची बायको आशा सेविका आहे, ती 'निक्षयवाले पेशंट' म्हणते.

आजी क्षयाची गोष्ट सांगायची ती चंद्रापासून. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिलेल्या, पण त्याचा जीव एकट्या रोहिणीवर. बाकीच्या रडत बापाकडे गेल्या, बापानं शाप दिला, चंद्र झिजायला लागला. मग विनवण्या झाल्या आणि उःशाप मिळाला : पंधरा दिवस झीज, पंधरा दिवस भर. राजयक्ष्म्याची ही कथा चरकसंहितेतही आहे, हे मला फार उशिरा कळलं. आजीनं चरकाचं नावही ऐकलं नव्हतं. गोष्ट संपली की ती स्वतःची एक ओळ जोडायची. "चंद्राला खय झाला तरी त्याला कोनी खल्यावं नेऊन ठेवला नाय."

ती ओळ कुणासाठी होती हे घरातल्या मोठ्यांना माहीत होतं. आम्हा पोरांना नव्हतं.

खारबाव म्हणजे वसई-दिवा मार्गावर भिवंडी रोड आणि कामण रोड यांच्या मधलं स्टेशन. आज गावाबाहेरच्या रस्त्यावर कंटेनरची रांग दिसते, गोदामांची पत्र्याची छपरं दिसतात. आजी लग्न होऊन आली तेव्हा एका अंगाला खाडी, तिच्या कडेनं मिठागरं आणि अलीकडे भाताची खाचरं. खाडीचं खारं पाणी आणि भाताचं गोडं पाणी यांच्यामध्ये एक मातीचा बांध. आमच्याकडची सगळी शेती त्या बांधाच्या जिवावर. बांधाला उघाडी असायची. ओहोटीला फळ्या काढून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरती लागायच्या आत फळ्या बसवायच्या. उधाणाच्या रात्री गावाला झोप नसे. चिंबोरीचं एक बीळ पुरतं. त्यातून झिरपलेलं पाणी पहाटेपर्यंत बैलगाडी जाईल एवढी खांड पाडतं. एकदा खारं पाणी आत शिरलं की त्या खाचरात दोन-तीन वर्षं भात धरत नाही. म्हणून हाक आली की घरटी एक माणूस टोपली घेऊन धावायचा. म्हातारा असो, तापानं फणफणलेला असो, घरात भांडण असो. न येणाऱ्याला गाव विचारायचं.

आजीनं या बांधाबद्दल सांगितलेली एक गोष्ट मी कधी विसरलो नाही. बांध सहसा गावासमोर फुटत नसे. फुटायचा तो दोन गावांच्या हद्दीवर. इकडच्यांना वाटायचं तो तुकडा तिकडच्यांचा, तिकडच्यांना वाटायचं इकडच्यांचा. दोघांचे दगड आपापल्या बाजूला पडायचे आणि मधला हातभर भाग कुणाचाच नसायचा. "पानी इचारतं का, तुजा गाव कोनचा ते?" असं म्हणून ती हसायची.

आजोबांचे थोरले भाऊ भिवंडीत मागावर होते. भिवंडीत हातमाग जुने, यंत्रमाग आले ते १९३०च्या दशकात, आणि पन्नासच्या दशकापर्यंत मागांच्या आवाजाशिवाय भिवंडी ओळखू येईनाशी झाली होती. थोरला आजा आठवडाभर तिथंच, कारखान्याच्या माळ्यावर झोपायचा. एका पाळीचे उठले की त्यांच्याच गरम अंथरुणावर दुसऱ्या पाळीचे आडवे. आणि काम तोंडानं करायचं. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकाला आतून लावायचं, बाहेरून ओठ टेकवायचे आणि श्वासानं सूत ओढून घ्यायचं. दिवसाला किती वेळा, याची मोजदाद नाही. तोच धोटा दुसऱ्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला. ओढलेल्या श्वासाबरोबर कापसाची धूळ छातीत जायची ती वेगळीच.

या धोट्याला एक लाजिरवाणा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखातं चांगल्या पगाराचं, पण तिथं अस्पृश्य कामगारांना शिरू दिलं जात नसे. कारण हेच : धोट्याला तोंड लावायचं, मग बाट लागेल. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. एकमेकांची थुंकी चालत होती, जात तेवढी चालत नव्हती. जंतूला मात्र विणाईखात्यात मज्जाव नव्हता.

तर थोरला आजा खोकायला लागला. अडुळशाचा रस झाला, शेळीचं दूध झालं, वज्रेश्वरीला नवस झाला. चिंबोऱ्यांचं कालवण तर रोज. आमच्याकडे खोकल्यावर चिंबोरी हे औषधच. मग बेडक्यात रक्त दिसलं, तेव्हा कुणीतरी मुंबईला न्या म्हणालं. मधे खाडी होती. होडीनं घोडबंदरच्या अंगाला, तिथून ठाणं, ठाण्याहून आगगाडी. मुंबईच्या एका रुग्णालयात त्याला खाट मिळाली. ही गोष्ट १९५७ची. स्ट्रेप्टोमायसिन येऊन दहाएक वर्षं झाली होती, पीएएसही आलं होतं आणि १९५२पासून आयसोनियाझिड. म्हणजे क्षयावर औषध होतं, आणि तिन्ही मिळून नीट दिली तर माणूस पूर्ण बरा होत होता.

इथं मला नेहमी कल्याणच्या आनंदीबाई जोशी आठवतात. कल्याण आमच्याकडून फार लांब नाही. अमेरिकेतून डॉक्टर होऊन १८८६च्या अखेरीस परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयानं गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. जंतू सापडून पाच वर्षं झाली होती, पण औषधाचा पत्ता नव्हता. त्यांच्या मरणापुढे हात जोडून गप्प बसावं लागतं. थोरल्या आजाच्या मरणापुढे मला गप्प बसवत नाही.

तीन महिन्यांत त्याच्या अंगावर मांस चढलं, ताप गेला, खोकला गेला. जून उजाडला. घरी आवणी तोंडावर आली होती आणि हाताखाली माणूस नव्हता. तो म्हणाला, मी बरा झालो. डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली, पुढचं औषध गावाकडे घे म्हणून बजावलं. आजा घरी आला, चिठ्ठी वाशाला खोचली आणि चिखलात उतरला. आजी सांगायची, त्या वर्षी त्यानं एकट्यानं चौघांची आवणी केली.

दिवाळीला खोकला परत आला. या वेळी शेळीच्या दुधानं काही होईना आणि परत मुंबई कुणाला नको होती. गावात कुजबुज झाली, सोयरीक मोडायची वेळ आली, तेव्हा त्याला खळ्यावरच्या खोपीत हलवलं. त्याचं ताट वेगळं, लोटा वेगळा. पेज नेऊन ठेवायची ती दहा वर्षांची मुलगी, त्याची स्वतःची. ती खोपीच्या दाराशी बसून बापाशी गप्पा मारायची, तिला कुणी अडवलं नाही. १९५९च्या होळीआधी तो गेला. दोन वर्षांनी ती गेली. आजीला बोचायचं ते वेगळंच. बांध फुटला की घरटी माणूस धावत होता आणि बांधाच्या कामात थोरला आजा सगळ्यात पुढे. "त्याच्या वखताला येक टोपली आली नाय," ती म्हणायची. मीही तेव्हा गावावर चिडायचो. आता तेवढा चिडत नाही. गाव काय करणार होतं? टोपलीत काय भरून आणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

१९८९ साली आम्ही कौलं उतरवून घरावर स्लॅब टाकला. वासे उतरवताना ती चिठ्ठी निघाली. चुलीच्या धुरानं काळी पडलेली, पण त्याच धुरामुळे वाळवी न लागलेली. मी तेव्हा नुकताच पदवीधर झालेला; घरात इंग्रजी वाचणारा पहिला. औषधांची नावं, मात्रा, आजवर किती सुया झाल्या, पुढे निदान वर्षभर उपचार चालू ठेवावेत, असं सगळं होतं. अक्षरही सुवाच्य. मायना होता : प्रति, वैद्यकीय अधिकारी. आणि त्यापुढची ओळ कोरी होती. कुठला अधिकारी, कुठलं गाव, काही नाही. लिहिणाऱ्याला खाडीपलीकडे कोण बसतं हे माहीत नसावं, आणि पलीकडे जो कुणी बसत असेल त्याला असा एक माणूस आपल्याकडे निघालाय हे कळायला मार्ग नव्हता. मी आजीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खांड."

चिठ्ठी वाशाला असताना मद्रासमध्ये काय चाललं होतं ते मी नंतर वाचलं. १९५६ साली तिथं क्षयरोग औषधोपचार केंद्र निघालं होतं. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या गरीब, दाटीच्या वस्त्यांतले १९३ रोगी घेतले. निम्मे सॅनेटोरियममध्ये, चांगलं अन्न, विश्रांती, मोकळी हवा. निम्मे घरी, त्याच खोलीत, त्याच कामावर. औषध दोघांना तेच, वर्षभर. निकाल १९५९मध्ये छापून आला : दोन्हीकडे जवळजवळ सारखाच गुण. पुढे पाहिलं तेव्हा घरी राहिलेल्यांच्या बायकामुलांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. म्हणजे पाचगणीची हवा नको, मिरजेची खाट नको, खळ्यावरची खोप तर मुळीच नको. गोळी पुरे, पण ती वर्षभर, न चुकता, माणूस असेल तिथं पोचली पाहिजे. थोरला आजा ज्या वर्षी गेला त्याच वर्षी हे जगाला कळलं. या योगायोगाचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

औषध सोपं झालं आणि ते पोचवणं अवघड होऊन बसलं. १९५९मध्येच बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली, आणि तिथल्या मंडळींनी आखलेला कार्यक्रम १९६२पासून देशभर आला. त्यांनी एकक धरलं जिल्हा. जिल्ह्याला एक क्षयरोग केंद्र आणि बाकी काम गावोगावच्या साध्या दवाखान्यांतून. वेगळं खातं, वेगळी इमारत नको. या मंडळींतले डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात रोग्यांना घरी जाऊन विचारलं, तुम्ही दवाखान्यात का जात नाही? निम्म्याहून अधिक म्हणाले, जाऊन आलो की! खोकल्याची बाटली देऊन परत पाठवलं. लोक अडाणी आहेत, दुखणं लपवतात, असं तोवर साहेबलोक धरून चालले होते. तुमकूरच्या शेतकऱ्यांनी तो आरोप सौम्यपणे परत केला.

माझ्या शाळेत हा विषय पोचला तो तिकिटांच्या रूपानं. गांधीजयंतीच्या सुमारास गुरुजी टीबी सीलचे कागद आणत. लाल, दोन आडव्या दांड्यांचा क्रूस. बोरं विकून आलेल्या पैशांतून मी एक घेतलं आणि पाटीच्या चौकटीला चिकटवलं. आजीनं ते बघितलं, कशाचं चित्र म्हणून विचारलं. मी टीबीचं म्हणालो. तिनं नखानं खरवडून काढलं.

२००७ साली चुलत भाऊ आजारी पडला. कशेळीच्या बाजूला गोदामात कामाला होता. तीन महिने एका खासगी डॉक्टरकडे लाल बाटली, मग हिरवी बाटली. तुमकूरच्या त्या पाहणीला चाळिसाहून अधिक वर्षं झाली होती, बाटलीचा रंग तेवढा बदलला होता. शेवटी सरकारी दवाखान्यात सकाळचा बेडका डबीतून दिला आणि काचेवर जंतू दिसले. तोवर डॉट्सचा कारभार देशभर लागू झाला होता. जुन्या कार्यक्रमाच्या १९९२च्या फेरतपासणीत उपचार पुरे करणारे निम्म्याहून कमी निघाले, म्हणून १९९७पासून नव्यानं आखलेला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली : डबा. भावाच्या नावाचा लाल डबा, सहा महिन्यांचं सगळं औषध आत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या. पहिले चोवीस डोस, मग अठरा आठवडे. डबा रोग्याचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. डब्यात गोळ्या उरल्या म्हणजे माणूस निसटला, हे अंगणवाडीच्या बाईलाही एका नजरेत कळायचं. वाशातल्या चिठ्ठीला ते जमत नव्हतं.

भाऊ लाजायचा. आपल्या गावात नको म्हणून शेजारच्या गावच्या अंगणवाडीत जाऊन गोळ्या घ्यायचा, लोकांना सांगायचा सेविकेच्या नवऱ्याकडे काम आहे म्हणून. सहा महिन्यांनी तो बरा झाला. २०१७पासून रोजच्या गोळ्या आल्या आणि तो डबा गेला. वैद्यकीयदृष्ट्या बरंच झालं म्हणतात. मला डब्याची जरा हळहळ वाटते.

आणि हद्दी? त्या तर वाढल्याच. भिवंडी शहराची महापालिका झाली. क्षयाच्या कार्यक्रमात महापालिका म्हणजे स्वतंत्र जिल्हा. खारबाव ग्रामीणमध्ये, ठाणे जिल्ह्याकडे. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, म्हणजे पुढचंच कामण स्टेशन दुसऱ्या जिल्ह्यात. खाडीपलीकडे ठाणे महापालिका, वर कल्याण-डोंबिवली, शेवटाला वसई-विरार. मुंबईचे तर वॉर्डांप्रमाणे चोवीस तुकडे. आमच्या गाडीत सकाळी सातला चढलेला माणूस राहतो एका जिल्ह्यात, कामाला दुसऱ्या, बेडका देतो तिसऱ्या आणि जेवतो मागवाल्यांच्या बिशीत, जिथं पन्नास ताटं एका खोलीत उठतात. यात जंतूला कुठंच गाडी बदलावी लागत नाही. नेपाळातून येणारा रखवालदार धरला तर देशाचीही हद्द आली. सार्क देशांनी १९९२मध्ये काठमांडूला क्षयरोग केंद्र काढलं ते काही हौसेनं नाही.

२०१२पासून खासगी डॉक्टरांनाही रोग्याची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक झालं, आणि त्याच वर्षी निक्षय ही संगणकावरची वही आली. पुतण्याची बायको मला मोबाइलवर दाखवते. रोग्याला एक क्रमांक. तो गावी निघाला की इथून त्याची नोंद तिकडच्या केंद्राकडे पाठवायची. पाठवली म्हणजे झालं नाही. तिकडच्यानं ती स्वीकारली पाहिजे. तोवर ती मधेच लोंबकळते. "काका, हे बघा," ती म्हणते, "पाठवलं दिसतंय, घेतलं दिसत नाय." थोरल्या आजाच्या चिठ्ठीतली ती कोरी ओळ आता पडद्यावर दिसते, एवढा फरक निश्चित पडला. मी याला लहान फरक मानत नाही.

पोषणाचे पैसेही मिळतात. २०१८पासून महिना ५०० रुपये, २०२४च्या नोव्हेंबरपासून हजार. झारखंडमध्ये रोग्यांच्या घरी धान्य, डाळ देऊन पाहिलं, त्याचा निकाल २०२३मध्ये आला : घरातल्या बाकीच्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. गोळीनं नाही, जेवणानं. म्हणजे आजीचं चिंबोऱ्यांचं कालवण अगदीच वाया जाणारं नव्हतं. फक्त तिनं ते सगळं थोरल्या आजाच्याच ताटात वाढलं; पेज घेऊन जाणाऱ्या पोरीलाही वाढायला हवं होतं.

गेल्या मेमध्ये आमच्या रस्त्याकडेच्या गोदामातला एक पोरगा गावी गेला. उत्तर प्रदेशातला, विशीतला, माल चढवणारा. दोन महिने गोळ्या झालेल्या, वजन वाढलेलं, खोकला गेलेला, आणि बहिणीचं लग्न. पुतण्याच्या बायकोनं त्याला महिन्याच्या गोळ्या बांधून दिल्या, गावचा तालुका विचारून घेतला, घरचा एक नंबर आणि शेजाऱ्याचा एक नंबर लिहून घेतला. तो हसत होता. म्हणाला, ताई, मैं तो ठीक हो गया. ती खेकसली, "ठीक वाटतंय म्हणूनच सांगते ना!" मी ओट्यावर बसून ऐकत होतो. हेच वाक्य १९५७च्या जूनमध्ये कुणीतरी थोरल्या आजाला ऐकवलं असेल का?

तो गेल्यावर आठ दिवसांनी तिनं मोबाइल उघडला. नोंद पाठवलेली दिसत होती, स्वीकारलेली दिसत नव्हती. तिनं तिकडच्या पर्यवेक्षकाचा नंबर वरच्या साहेबांकडून मिळवला आणि माझ्यासमोर फोन लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. मग पोराच्या शेजाऱ्याला लावला. तिकडे बँड वाजत होता, कुणीतरी ओरडून सांगितलं की तो वरातीत आहे. "गोळी खाल्ली का विचारा त्याला," ती दोनदा ओरडली. फोन कट झाला. तिनं संगणकाची वही बाजूला ठेवली, पिशवीतून दोनशेपानी साधी वही काढली आणि पेन्सिलीनं त्याच्या नावापुढे लिहिलं : सोमवारी परत.